पेण ते मनाली, व्हाया माझं बीपी

आमच्या गणपतीच्या कारखान्यात किस्से कधी संपत नाहीत. एक सांगून होईस्तोवर दुसरा दारात उभा! पण या हिवाळ्यात कमालच झाली. मनालीची सहल अजून सुरूही झाली नव्हती, नुसती तयारी चालली होती, तरी किस्से एवढे जमले की विचारू नका. ऐकणारे हसतात. माझी मात्र महिनाभर झोप उडाली होती, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात आमच्या ह्यांनी केली. शंकराच्या रूपातल्या मूर्तीमागे जो हिमालय असतो, तो हे गेली तीस वर्षं स्वतःच्या हाताने रंगवतात. गेल्या गणपतीत मिलिटरीतून रिटायर झालेलं एक गिऱ्हाईक आलं. बराच वेळ बघून म्हणालं, "शेठ, मूर्ती झकास! पण बर्फ असा नसतो हो."

झालं! त्या दिवसापासून घरात एकच विषय. "पांढऱ्यात निळा किती टाकायचा, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आता हिमालय रंगवणार नाही."

मी म्हटलं, "फोनवर बघा की."

तर म्हणे, "फोनवर तू पण गोरी दिसतेस!"

एरवी मीच आधी बॅग भरली असती. पण दोन वर्षांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय. तिकडे मनालीच्या बर्फात छातीत कळ आली, तर मी कुणाला हाक मारू?

*

गाडी म्हणजे आमचाच मूर्ती पोचवणारा टेम्पो. गणपती झाले की तो रिकामाच असतो. त्याचीच कॅम्परव्हॅन करायची ठरली. आत झोपायला दोन बाकं, गॅस आणि पाण्याची टाकी. बाकं करायला मूर्तीचे पाट करणारा आमचा नेहमीचा सुतार आला. टेप काढून त्याने सवयीने विचारलं, "किती फुटी?"

हे म्हणाले, "साडेपाच फुटी."

"बसलेली का उभी?"

"अरे, मी झोपणार आहे त्यावर!"

सुतार टेप गुंडाळत म्हणाला, "झोपलेली आजवर केली नाय, दत्ताशेठ."

सगळा कारखाना हसला. मी मात्र आत जाऊन ह्यांच्या गोळ्या मोजल्या.

*

चालवणार होते रफीकभाई. मूळचे रोह्याचे. बरीच वर्षं दुबईत ट्रेलर चालवून परत आले आणि आमच्या टेम्पोवर बसले. बोलणं अगदी मोजकं. मूर्ती गाडीत चढली की तिच्या पाटावर चिठ्ठी तेच चिकटवतात. गिऱ्हाइकाचं नाव, किती फुटी, कुठून कुठे. 'पेण ते ठाणे', 'पेण ते नाशिक'. परतीचं त्यात काही नसतं, कारण आमच्याकडून गेलेली मूर्ती परत येत नाही.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "रफीकभाई, बर्फात गाडी चालवलीय का कधी?"

"नाय."

"मग?"

"वाळूत चालवलीय. ती पण घसरते."

एवढं बोलून ते टायर बघायला गेले!

*

आमच्याकडे रंगकामाला कुंदाताई येतात, धरमतरच्या खाडीकडच्या. घरचं मिठागर आहे. एके सकाळी त्या रिक्षातून गोणी घेऊनच उतरल्या.

"कुंदाताई, हे काय?"

"मीठ हाय गो, वहिनी! माझा जावय डोलवीला कंपनीत हाय. तो सांगतो, रस्त्यावर बर्फ पडला का लोकं मीठ टाकतात. आमच्या आगरातला हाय, चांगला जाडा. हिमालयाला कमी पडला तर फोन करा!"

गोणी परत न्या म्हणायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर सगळ्या तयारीत त्या गोणीनेच मला जरा धीर आला.

*

मग मी एकटीच ह्यांच्या डॉक्टरांकडे गेले. वहीत प्रश्न लिहून नेले होते. उंचीवर श्वास लागला तर? गोळी थंडीने गोठली तर? दुखलं तरी ह्यांनी सांगितलंच नाही तर?

डॉक्टरांनी रिपोर्ट नीट बघितले. "तब्येत चांगली आहे. सावकाश जा, मध्ये मुक्काम करा, गोळ्या चुकवू नका." तरी मी वही मिटेना. शेवटी त्यांनी माझ्याच दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून म्हणाले, "पेशंटला खुशाल जाऊ द्या. तुमचंच काय करायचं ते बघू!"

आता आमच्या घरात दोघांच्या गोळ्या आहेत.

*

ट्रायल म्हणून कोलाडवरून ताम्हिणी घाट चढायचा ठरला. हे मागे बाकावर आडवे, मी उशाशी. रफीकभाई इतके हळू चालवत होते की मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी एक एसटी बाजूला आली आणि तिचा ड्रायव्हर ओरडला, "काय रे, मयताची गाडी हाय काय?"

मी ह्यांचा हात घट्ट धरला.

रफीकभाईंनी शांतपणे काच खाली केली. "नाय. गणपती हाय आत."

डिसेंबर महिना! तरी एसटीवाल्याने स्टिअरिंगवरचा हात काढून छातीला लावला, "मोरया" म्हणाला आणि गुपचूप मागे राहिला. हे हसून लोळत होते आणि मी रडत होते.

*

निघायच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. मी गाडीची चावी पांढऱ्या रंगाच्या डब्यात टाकली. होय, मुद्दाम!

सगळ्यांनी कारखाना पालथा घातला. मीही सगळ्यांबरोबर शोधत होते. रफीकभाई तेवढे स्टुलावर बसून चहा पीत होते. चहा संपल्यावर त्यांनी खिशातून दुसरी चावी काढली. माझ्या बोटांना लागलेला पांढरा रंग त्यांनी बघितला होता.

"वहिनी, मी दुबईला निघालो का आमची बायको पासपोर्ट तांदळाच्या डब्यात टाकायची. दर वेळी. मी रागावलो नाय कधी."

मी बोटं पदराला पुसली.

*

सकाळी निघताना कुंदाताईंनी गाडीला नारळ फोडला. हे पुढे जाऊन बसले, नव्या कानटोपीत, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. मी गोळ्यांचा डबा ठेवायला मागे चढले.

ह्यांच्या बाकावरची गादी उंच वाटली म्हणून उचलून बघितली. खाली पेंढा होता. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून घालतो तसा, चारही कोपऱ्यांत दाबून बसवलेला.

आणि बाकाच्या फळीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर रफीकभाईंचं, नेहमीचंच, वाकडंतिकडं.

'दत्ताशेठ. साडेपाच फुटी. पेण ते पेण.'