भाचीचा अर्ज

शाळेच्या ऑफिसात प्रवेशाचे अर्ज तपासणाऱ्या क्लार्कबाईंना सगळे ताईच म्हणत, अगदी मुख्याध्यापकसुद्धा. लशींच्या दाखल्याशिवाय मुलाला वर्गात बसवायचं नाही, असा सरकारी नियम आला आणि तो आईबापांना सांगायचं काम ताईच्या गळ्यात पडलं. लोक चिडायचे, रडायचे. ती पाणी द्यायची, दवाखान्याच्या वेळा लिहून द्यायची. सूट मात्र कुणालाच नाही.

एके दिवशी धाकटा भाऊ आला. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून थेट, हात ग्रीसने माखलेले. मुलीचा अर्ज पुढे सरकवून हळूच म्हणाला, "दाखल्यापुढे तूच खूण कर. कोण बघतंय?"

त्याच्या थोरल्या मुलाला लस दिल्यावर ताप चढून झटका आला होता. पोरगा बरा झाला, पण तेव्हापासून भावाने लशीचं नावच टाकलं होतं.

"डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर सूट मिळते. विचारलंस?"

"विचारलं. हिला काही धोका नाही म्हणतात. त्यांचं काय जातंय म्हणायला?"

"मग मी खूण करणार नाही."

"सख्ख्या भावाला नियम दाखवतेस?"

"गालगुंडाने माझा एक कान गेला. तेव्हा लस मिळाली असती तर आईने मला खांद्यावर टाकून नेलं असतं."

तो अर्ज उचलून निघून गेला. बोलणं बंद झालं.

ताईला जेवण गोड लागेना. पोरीचा काय दोष? चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पहिलीचं पुस्तक घेऊन भावाकडे गेली. त्याने दार उघडलं आणि आतल्या खोलीत निघून गेला. मग रोजच स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. भावजय भाजी चिरता चिरता ऐकायची. एकदा तिने विचारलं, "ताई, हिलाही झटका आला तर?"

"मला नाही सांगता येणार. चल, दवाखान्यातल्या नर्सला विचारू."

नर्सने घाई केली नाही. ताप आला तर काय करायचं, झटका आलाच तर कुशीवर कसं वळवायचं, सगळं करून दाखवलं. भावजयीने ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. आठवड्याने तो स्वतःच लेकीला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसला, लस टोचून घरी आणलं, दोन दिवस रजा टाकली आणि तासातासाला ताप बघत राहिला. ताप आला, उतरला.

सोमवारी तो लेकीचा हात धरून, अर्ज आणि दाखला घेऊन ऑफिसच्या रांगेत उभा राहिला.

"मला अजून पटलेलं नाही," तो म्हणाला.

"बरं." ताईने अर्जावर शिक्का मारला. "वर्ग जिन्याजवळ आहे. हिला सोड आणि चहा घेऊन जा."