निरोगी नमुना

अरविंद गेल्याचं मला प्राजक्ताने फोनवर सांगितलं. प्राजक्ता ही त्याची शेवटची विद्यार्थिनी. ती रडत नव्हती. सरांची वही आता कुणाकडे ठेवायची, असं तिने लगेच विचारलं, तेव्हा ती त्याचीच विद्यार्थिनी असल्याची खात्री पटली. नंतर शोकसभा झाली. तीत एका वक्त्याने त्याला 'सूक्ष्मजीवांचा सेनापती' म्हटलं. अरविंद असता तर घड्याळ बघून खाकरला असता.

आमची ओळख शनिवार पेठेतल्या शाळेपासूनची. मी ग्रंथपाल झालो, तो सूक्ष्मजीवशास्त्रात गेला. अलीकडे तो एकाच गोष्टीमागे होता. पोटाला उपकारक अशा जिवाणूंमध्ये असा बदल करायचा, की आतड्यात कुठे रक्त झिरपत असेल तर त्याच्या स्पर्शाने ते उजळतील. "आतड्यात रखवालदार बसवतोय," तो मला म्हणाला होता. "आपल्या सोसायटीतल्यासारखा झोपणारा नव्हे."

हे जिवाणू माणसांना द्यायची परवानगी अजून नव्हती, म्हणून ते प्रयोगशाळेतच शौचाच्या नमुन्यांत मिसळून बघत. तुलनेला निरोगी माणसाचा नमुना लागे, तो अरविंद स्वतःचा देई. असलं काही विद्यार्थ्यांकडे मागणं त्याला प्रशस्त वाटत नसे. डबीवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी असे, 'निरोगी – अ.' गेल्या वर्षी हा निरोगी नमुना उजळला. पुन्हा केला, पुन्हा उजळला. प्राजक्ताने अदबीने विचारलं, सरांनी मटण वगैरे...? खाल्लेल्या मांसातल्या रक्तानेही जिवाणू उजळू शकत; पण अरविंदने जन्मात अंडंही खाल्लं नव्हतं. हे त्याने मला हसत सांगितलं, मीही हसलो. पुढचा संवादही त्याच्याकडूनच ऐकलेला.

"सर, एकदा तपासून घ्या ना."

"कुणाला? मला की जिवाणूंना?"

"दोघांनाही."

"जिवाणूंपासून सुरुवात करू."

ती सुरुवात पाच महिने चालली. जिवाणू फार हळवे झालेत असं ठरवून त्याने त्यांना जरा निबर केलं. नमुना उजळेनासा झाला आणि अरविंदचं समाधान झालं... इतरांच्या प्रत्येक दाव्यावर संशय घेणाऱ्या या माणसाने डबीवरच्या स्वतःच्या अक्षरावर एकदाही संशय घेतला नाही. मग जिना चढताना धाप लागू लागली. आतड्यातली गाठ सापडली, ती यकृतापर्यंत पोहोचल्यावर.

त्याच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. वहीतली चूक खोडायची नाही. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती लिहून सही करायची; आणि ज्याने लिहिलं त्यानेच. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तेव्हा त्याने प्राजक्ताकडून वही मागवली होती. आधी पट्टी मागितली. 'संकेत खोटा, जिवाणूंत दोष' यावर त्याने रेघ मारली आणि सावकाश लिहिलं, 'संकेत खरा, नमुन्यात दोष.' सही केली. तारीख मला विचारली.

"जुने जिवाणू टाकलेस ना, सांगितल्याप्रमाणे?" त्याने प्राजक्ताला विचारलं.

"नाही, सर."

"बरं केलंस."

त्याच्या तोंडून कुणाची स्तुती मी तेवढी एकदाच ऐकली.

परवा प्रयोगशाळेत गेलो होतो. प्राजक्ता त्याच जुन्या जिवाणूंवर काम करते आहे. फ्रीजरमधली ती डबी तिने दाखवली. 'निरोगी – अ.' चिठ्ठीवर अजून रेघ नाही. मी विचारलं नाही, तरी तिने नियम सांगितला, 'ज्याने लिहिलं त्यानेच.'