रबराच्या बाईचा नवरा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बांधावरच्या झाडाची लिंबं काढणं. काढताना भांडलो, पण ते रोजचंच. तिच्या मानेला गांधीलमाशी चावली. मी चुना लावला आणि पुन्हा कामाला लागलो. जरा वेळानं ती म्हणाली, "अवो, घसा आवळल्यावानी व्हतंय."

"बरं झालं. घटकाभर गप तरी बसशील."

पाटी भरल्यावर वळून बघितलं, तर तिचे ओठ सुजलेले.

गाडीवर घालून गावातल्या डॉक्टरकडे नेली. पोरगेला डॉक्टर, असलं त्यानं पुस्तकातच बघितलेलं. त्रास कधीपासून, त्यानं विचारलं. आत्ताच, मी म्हणालो. त्यानं इंजेक्शन दिलं आणि ती गेली. गाव म्हणालं, इंजेक्शननंच मारली. लेकीनं दवाखान्यात जाऊन त्याची आई-बहीण काढली. लोकांनी त्याच्या दवाखान्याची पायरी चढणं सोडलं. मी खाली मान घालून बसलो. सगळ्यांना वाटलं, म्हातारा दुःखात आहे. दुःख होतंच, पण तोंड त्याच्यामुळं बंद नव्हतं.

दोन वर्षांनी तोच डॉक्टर दारात आला. आळेफाट्याला डॉक्टर लोक जमणार होते, क्वचित येणाऱ्या पेशंटची खोटी खोटी तालीम करायला. त्यात पेशंटचा नातेवाईक व्हायला कुणीतरी पाहिजे होतं. "बाबा, तुम्हीच चला. माझं कुठं चुकलं ते मला बघायचंय," म्हणाला. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

तालीम मंगल कार्यालयात. नवरा-नवरीच्या स्टेजवर पेशंट म्हणून रबराची बाई झोपवलेली आणि शेजारी मी. माझं दुसरं लग्नच म्हणा. हिचं तोंड कायम उघडं, पण आवाज नाही. पहिलीला ही सवत लई आवडली नसती.

तालीम घ्यायला आलेल्या पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, त्या दिवशी वागलात तसंच वागा. डॉक्टरनं विचारलं, त्रास कधीपासून? माझ्या तोंडातून तेच निघालं, आत्ताच.

बाईंनी थांबवलं. नातेवाईक घाबरून काहीही सांगतो, म्हणाल्या, पुन्हा विचारा, माशी चावल्यावर पेशंट पहिल्यांदा काय बोलली?

त्यानं विचारलं.

"घसा आवळतोय म्हणली. मी म्हणलो, गप बस. आन् पाटीभर लिंबं काढली."

मागची पोरं हसली. म्हातारा काय नाटक करतोय राव, त्यांना वाटलं असंल. बाईंनी सगळ्यांना ते लिहून घ्यायला लावलं. डॉक्टर मात्र सुई हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं रबराच्या मांडीत ती टोचली आणि शांतपणे म्हणाला, आणायला उशीर झालाय, एकानं भागणार नाही, दुसरं इंजेक्शन भरून ठेवा.

त्यानंच मला घरी सोडलं. दारात एवढंच विचारलं, जेवलात ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं डिंगोऱ्याला लेकीकडं गेलो. ती चहा ठेवायला उठली. चहा नको, आधी बस, म्हणालो. तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग मला नको नको ते बोलली. तिचं बोलून झाल्यावर म्हणालो, चल आता माझ्याबरोबर, त्या डॉक्टरकडं जायचंय.