आपल्या मनानं घेतलेला पत्ता

"उशिरानं हाय, पण येतीय."

तुम्ही कधी येरमाळ्याच्या स्टँडवर ताटकळला असाल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. चौकशीच्या खिडकीतले वाहतूक नियंत्रक काका मान वर न करता ते म्हणायचे. गाडी रद्द झालेली असली तरी तेच. मी एकदा भांडलो, तर म्हणाले, "न्हाय म्हटलं की माणूस खाली बसतंय. येतीय म्हटलं की उभं ऱ्हातंय."

येडाई देवीच्या यात्रेत चुकलेल्या म्हाताऱ्यांना लोक त्यांच्याकडं आणून बसवायचे. त्यांचा नियम ठरलेला. "आधी चहा, मग गाव." चहा पोटात गेला की गाव विचारायचे आणि भोंग्यावरून पुकारायचे.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्याच बायकोला विसरायचा आजार जडला. काकू दार उघडून चालू लागायच्या. पुण्याचा मुलगा फोनवरून सांगायचा, बाहेरून कुलूप लावा. काकांचं उत्तर एकच, "कुलूप सामानाला लावतेत."

मग मी तोडगा काढला. त्यांच्या घरासमोरच माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका जुन्या कॉम्प्युटरवर फुकटातली लिनक्स सिस्टीम चढवली आणि दारावरचा कॅमेरा त्याला जोडला. काकू उंबऱ्याबाहेर आल्या की काकांच्या मोबाइलवर मोठ्या आवाजात घंटी वाजायची. काका हातातलं टाकून उठायचे. कधी रागावले नाहीत. "चल, म्या बी येतो," म्हणत पिंपळापर्यंत सोबत जायचे आणि गप्पा मारत परत आणायचे. काकूंना त्याची गोडीच लागली. येता-जाता दार उघडायच्या, आणि गळ्यात मोबाइल अडकवलेले काका पुन्हा हजर. त्या दोघांना पिंपळाकडं जाताना पाहिलं की माझा जीव तुटायचा. घंटी होती म्हणून काका निवांत अंघोळ तरी करू शकत होते.

पण कॉम्प्युटरनं छळ मांडला. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. तो पत्ता गेला की यंत्र चालू असूनही कुणाला सापडत नाही, आणि मग घंटीही वाजत नाही. आमच्या यंत्राचा पत्ता अधूनमधून जायचा. काका धापा टाकत दुकानात यायचे. "इंजिनेर, ते पुन्हा बेपत्ता झालं बघा." मी जाऊन बंद-चालू केलं की लेकाचं शहाण्यासारखं वागायचं. वायर बदलली, राउटरला शिव्या घातल्या, सगळं उलटंपालटं केलं. रोग काही हाती लागेना.

अशाच एका दुपारी घंटी वाजली नाही आणि काकू हमरस्त्यावरच्या ढाब्यापर्यंत पोचल्या. ढाबेवाल्यानं पत्ता विचारला. त्यांनी माहेरचं गाव, गल्ली, वडलांचं नाव घडाघडा सांगितलं. इतक्या ठामपणे, की त्या भल्या माणसानं त्यांना त्या गावच्या गाडीत बसवून दिलं. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून त्या परत आल्या. काका ओट्यावर बसून रडले. मी त्यांना रडताना तेवढंच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्या घरी ठाण मांडलं. दुपारी लाइट गेली, परत आली, आणि चोर सापडला. लाइट आल्यावर कॉम्प्युटर आधी उठायचा, राउटर मात्र रेंगाळायचा. कॉम्प्युटर पत्ता मागायचा, उत्तर कुणीच द्यायचं नाही. मग तो आपल्या मनानंच एक पत्ता घेऊन बसायचा. त्या पत्त्यावर घरातलं कुणी त्याला ओळखत नव्हतं.

काकांना हे सांगितलं. त्यांनी काकूंकडं बघितलं.

"म्हंजे आपण हरवलोय, हे त्यालाच ठाव न्हाय."

मी कॉम्प्युटरला कायमचा पत्ता नेमून दिला, मागायची भानगडच ठेवली नाही. त्यानंतर लाइटनं कितीही खेळ केले तरी घंटी चुकली नाही.

थंडीतली एक सकाळ. मी दुकान उघडत होतो आणि समोरून घंटी ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा वाजायची. काका उठत कसे नाहीत, म्हणून मी रस्ता ओलांडला. काकू दारातच होत्या. बाहेर यायच्या, क्षणभर थांबायच्या, आत जाऊन दार लावायच्या आणि परत उघडायच्या. मी त्यांच्या बाजूनं आत शिरलो. काका खुर्चीत बसले होते, मान छातीवर कललेली. हात लावला तर अंग गार पडलेलं.

"कुणाकडं आलाव?" काकूंनी मागून विचारलं.

"काकांकडं."

"बसा की मग. येतेत ते. घंटी वाजली की लगेच येतेत."

काकू पुन्हा उंबऱ्याबाहेर गेल्या, आणि काकांच्या छातीवर मोबाइल वाजू लागला.