मंगलची मेणबत्ती आणि डोंगरातला मठ

मंगल आणि मी शाळेच्या चॅपलमागच्या पायरीवर बसून माझ्या पितळी डब्यातलं थालीपीठ खायचो. गणिताचा पेपर असला की आत जाऊन मेणबत्ती लावायची… दोघींत मिळून एक.

गेल्या आठवड्यात क्योतोत तशीच एक लावली. लेक इथल्या विद्यापीठात संशोधन करते, मी तिच्याकडे आलेय. त्याच दिवशी पुण्यात मंगलचं हार्टचं ऑपरेशन होतं. घरात जीव रमेना, म्हणून नातीला, रियाला घेऊन बसने एका छोट्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले.

आत जॉर्जियातल्या एका मध्ययुगीन मठाचे फोटो लावले होते. भिंतभर संतांची चित्रं, काहींचे डोळे खरवडलेले… चर्चमधल्या ओकुमुरा-सान, म्हणजे ओकुमुराबाई, जपानीत माहिती देत होत्या, रिया मला मोडक्या मराठीत. सैन्य चालून आलं, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी सगळं गावात वाटून टाकलं. घंटा लोहाराकडे, पोथी मेंढपाळाकडे, चांदीचा दिवा एका विधवेकडे. पिढ्या उलटल्या, मठ पुन्हा उघडला… आणि घराघरांतून एकेक वस्तू परत आली.

मी भारावून मेणबत्ती पेटवली आणि क्रूसासमोरच्या बुटक्या, वाळू भरलेल्या तबकात खोचली. ओकुमुरा-सान रियाच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या.

"आजी, ते डेड लोकांसाठी आहे!"

आमच्या चॅपलमध्ये सगळ्या मेणबत्त्या एकाच जागी असायच्या… ओकुमुरा-साननी ती जळतीच उचलली. ज्योतीला हाताचा आडोसा करून मेरीच्या चित्रापुढच्या उंच तबकात लावली. मग नाव विचारून, डोळे मिटून म्हणाल्या, "मंगरु-सान."

संध्याकाळी फोन आला, ऑपरेशन नीट झालं. काल मंगल स्वतः बोलली, तेव्हा मी सगळं कबूल केलं. "गधडे, जित्याजागत्या मला मेलेल्यांत बसवलंस? हसवू नकोस गं, टाके दुखतात!"

तर आता मीही वाटून टाकतेय. निघताना ओकुमुरा-साननी विझवून कागदात बांधून दिलेला मेणबत्तीचा तुकडा मंगलला. तिथेच घेतलेलं मठाच्या फोटोचं कार्ड तिच्या सुनेला, जी दिवसभर आयसीयूबाहेर बसून होती. सिस्टरनी मला शाळा सोडताना दिलेली जपमाळ रियाला. मेरीसमोर लावायची यापुढची मेणबत्ती ओकुमुरा-सानच्या नावाची.

आणि मंगल, तो पितळी डबा शाळा सुटल्यापासून तुझ्याकडेच आहे. तो माझा. न्यायला येतेय… रिकामा देऊ नकोस.