सकाळपर्यंत ठेवलेला नमुना

मंगळवारी केळव्याहून निरोप आला की वसंत गेला. मी शर्ट चढवला आणि पालघर स्टँडवर एसटीची वाट पाहत उभा राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

ऐंशीच्या सुमाराला बोईसरच्या एका छोट्या कारखान्यात मी त्याच्या हाताखाली लागलो. आइस्क्रीमवाल्यांसाठी आम्ही गवारीचा आणि समुद्रशेवाळाचा डिंक मिसळून पूड करत असू. पहिल्याच दिवशी मी डिंक पाण्यात एकदम ओतला. गाठी झाल्या, फोडल्या तर आत पूड कोरडीच. वसंत हसला. "मास्तर, पुस्तक ठेव बाजूला. पाणी फिरवत रा नि चिमटीनं भुरभुर." तेव्हापासून मी मास्तर.

दुधात मिसळलेला नमुना तो काचेच्या उंच नळीत भरून खिडकीत ठेवी आणि सकाळपर्यंत सही करत नसे. गवारीचा डिंक आणि दुधातली प्रथिनं एका भांड्यात फार काळ नांदत नाहीत. दुपारी एकजीव दिसलेलं सकाळी फाटतं, तळाशी दाट थर, वर निवळ पाणी... शेवाळाचा डिंक चिमूटभर असला तरच ती एकत्र राहतात.

तिसऱ्या महिन्यात त्याची आई आजारी पडली म्हणून तो घरी गेला. टेम्पो दारात उभा होता. नमुना चांगला दिसत होता. मी दुपारीच सही केली. शेवाळाचा डिंक कमी पडला होता. माल परत आला. मालकांनी विचारलं तेव्हा मी खाली बघत राहिलो. मला कायम व्हायचं होतं. तोवर परत आलेला वसंत म्हणाला, "मीच सांगून गेलो होतो, थांबू नको म्हणून." त्यानं तसं काही सांगितलं नव्हतं. त्याला गोदामात पाठवलं, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. मी कायम झालो.

पुढे रोज जेवणाच्या सुट्टीत तो प्रयोगशाळेच्या दारातून विचारी, "ठेवलास ना सकाळपर्यंत?" मी मान हलवत असे. खरं काय ते मी मालकांना सांगितलं नाही, त्याच्याशीही कधी बोललो नाही.

केळव्याला त्याच्या ओटीवर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या सुपारी कातरत होत्या.

"माला ठाव हाय, भाऊ. तुमी कदी बोलाल, याची ते वाट बगत व्हते."

निघताना त्यांनी त्याची नळी माझ्या हातात दिली. ती आता माझ्या खिडकीत आहे. रिकामी आहे.