रोजचा एक इल्ला

दुःख येण्याआधीच ते उरकून मोकळी होणारी बाई उभ्या बेळगावात एकच आहे, आणि ती माझी मेहुणी आहे. बाकीची माणसं संकट आलं की रडतात. ही संकटाची नुसती कुणकुण लागली की रडून, तोंड धुऊन, पदर खोचून त्याची वाट बघत बसते. बारावीच्या निकालाआधी आठवडाभर ती नापास झाल्याचं रडून घेत होती. निकालाच्या दिवशी पास झाली तेव्हा डोळ्यांत टिपूस उरलं नव्हतं, आणि माझ्या सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या की पोरीला आनंद कसा तो झालाच न्हाय. दाढ काढायची ठरली तेव्हा ती चार दिवस आधीपासून मऊ भातावर राहिली, आणि दाढ काढून आल्यावर संध्याकाळी शेंगदाणे चावत बसली. मी विचारलं तर म्हणाली, "दुखायचं तेवढं आदीच दुखून झालंय, दाजी. आता काय उरलंय?" थांब्यावर जाताना ती बस गेली असं धरूनच जाते. त्यामुळे समोर बस आली की ती दचकते, आणि दचकण्याच्या नादात दोन-तीनदा बस खरोखरच गेलेली आहे.

ती आमच्याकडे अनगोळला राहायला आली त्याला दहा-अकरा वर्षं झाली. माहेर खानापूरच्या बाजूचं, शेतकऱ्याचं घर. नोकरीसाठी म्हणून आली आणि राहिली. नोकरी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथं केसपेपर काढण्यापासून जखमा धुण्यापर्यंत सगळं हीच करते. पेशंट तिला सिस्टर म्हणतात. तिच्या हाताला गुण आहे याला मी साक्षीदार आहे. मला इंजेक्शनची भीती वाटते, आणि एकदा ताप आला म्हणून तिच्यापुढं दंड उघडा करून मी दात आवळले, डोळे मिटले, कुलदैवताला नवसही बोललो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दाजी, सुई अजून पाकिटात हाय. आत्ताच कशापायी डोळं मिटलासा?"

पण लोक सिस्टर म्हणतात म्हणून कुणी सिस्टर होत नाही. तिच्याकडे कागद नव्हता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून सांगितलं की आता माझे हात थरथरतात, मी दवाखाना बंद करणार. तुझ्या हाताला गुण आहे, पण बाहेरच्या जगात गुणालाही शिक्का लागतो. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स कर, नाहीतर उद्या तुला कुणी झाडायला सुद्धा ठेवणार नाही. तिनं चौकशी केली. खानापूर रस्त्याला, उद्यमबागेच्या पुढं एक नर्सिंग कॉलेज आहे. तिथली वयाची अट तिच्यापुरती यंदाच संपत होती. यंदा नाही तर कधीच नाही, असा मामला. तिनं अर्ज भरला, मुलाखतीला जाऊन आली, घरी येऊन पाणी प्याली आणि त्याच संध्याकाळपासून नकार पचवण्याच्या तयारीला लागली.

तयारी म्हणजे अगदी वेळापत्रक आखून. "आपल्याला न्हाय ऐकायची सवय न्हाय, आक्का," तिनं माझ्या बायकोला समजावलं. "सवय झाली की लागत न्हाय. रोज एक इल्ला ऐकायचा." इल्ला म्हणजे कन्नडमध्ये नाही. मग रोज संध्याकाळी ती एका नव्या दुकानात जाई आणि तिथं नक्की नसणार अशी वस्तू मागे. मिठाईवाल्याकडं बिनसाखरेचा कुंदा मागितला. ते ऐकून म्हातारा हलवाई तिच्याकडं काळजीनं बघायला लागला. कॅम्पातल्या मोठ्या बेकरीत जाऊन ज्वारीच्या भाकरीची चौकशी केली. मोबाइलच्या दुकानात दौत विचारली. दुकानदार "इल्ला री" म्हणाला की ही त्याला मनापासून धन्यवाद देऊन बाहेर पडे. एकदाच फसगत झाली. एका जुन्या भांड्यांच्या दुकानात तिनं रॉकेलच्या स्टोव्हची पिन मागितली. मालक काही न बोलता शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीनं माखून, विजयी चेहऱ्यानं डझनभर पिना घेऊन उतरला. कितीतरी वर्षांनी गिऱ्हाईक आलं म्हणून त्याचे डोळे भरून आले होते. आमच्या घरात आज बारा पिना आहेत, स्टोव्ह नाही.

घरातही तालीम चालू होती. प्रिन्सिपॉलबाई होऊन तिला नकार द्यायचं काम माझ्याकडं आलं. मी चष्मा लावून खुर्चीत बसायचो, ती समोर हात बांधून उभी राहायची, आणि मी कडक आवाजात तिला नाही म्हणायचं. माझ्या आयुष्यात मला कुणालाही नाही म्हणता आलेलं नाही. त्या भिडेपायी मी तीन विमा पॉलिसी घेतल्या आहेत आणि एका लग्नात वऱ्हाड कुणाचं हे माहीत नसताना आहेर करून आलो आहे. पहिल्याच दिवशी मी नाही म्हणायला म्हणून तोंड उघडलं आणि तिला प्रवेश देऊन बसलो. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलमध्ये खिडकीजवळची खोली दिली. तिसऱ्या दिवशी शिष्यवृत्ती जाहीर केल्यावर तिनं मला कामावरून काढलं. "दाजी, तुमच्यासारकी माणसं कालेजात आसती तर कशाला पायजे हुतं हे सगळं," म्हणाली, आणि स्वतःच नकाराचं पत्र लिहायला बसली. तेही कन्नडमध्ये, कारण खरं पत्र कन्नडमध्येच येणार. सरकारी कन्नडमध्ये खेद वाटतो असं म्हणायचं तर विषाद वाटतो म्हणतात. आपल्याकडं विषाद म्हणजे रणांगणात अर्जुनाला झाला तो. तो एका कॉलेजला आपल्या मेहुणीसाठी होतोय, हे मला फारच भारी वाटलं.

नकाराच्या दिवशीचा स्वयंपाकही तिनं ठरवून ठेवला होता. नकार आला तर पुरणपोळी, आणि प्रवेश मिळाला तर नेहमीचं पिठलं-भाकरी. बायको म्हणाली, उलटं असतंय बये. त्यावर मेहुणी म्हणाली, "झालं तर आनंदानंच पोट भरतंय. न्हाय झालं तर पोट तरी भरलं पायजे का नको?"

यादी लागायच्या दिवशी मात्र ती काही केल्या घराबाहेर पडेना. "ऐकायची सवय केलीय मी. बघायची न्हाय. तुमी जावा, दाजी." मी उद्यमबागेच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. तिथून कॉलेज दहा मिनिटांवर. दुपारच्या सुट्टीत स्कूटर काढून गेलो.

इथं एक कबुली देणं भाग आहे. माझं गाव निपाणीजवळ. शाळा मराठी. वेळापत्रकात कन्नडचा तास होता, पण त्या तासाला मास्तर नव्हते, म्हणून आम्ही सूरपारंब्या खेळलो. सतरा वर्षं बेळगावात काढूनही माझं कन्नड चार शब्दांवर उभं आहे: बेकु, बेडा, यष्टु आणि इल्ला. पाहिजे, नको, केवढ्याला आणि नाही. संसाराला आणखी काय लागतं, अशी माझी समजूत होती. कॉलेजच्या फलकावर यादी लागली होती ती सगळी कन्नड अक्षरांत. मला ती जिलब्यांच्या परातीसारखी दिसली. शेजारी एक म्हातारा शिपाई तोंडात पान धरून उभा होता. मी त्याला मेहुणीचं नाव सांगितलं. त्यानं यादीवरून बोट खाली सरकवत आणलं, एका ठिकाणी टेकवलं आणि पान सांभाळत म्हणाला, "इल्लैतल्ला."

महिनाभर घरात तोच एक शब्द ऐकत होतो. सुरुवातीला एक इल्ला ऐकू आला, शेवटी आणखी एक. मला वाटलं, माणूस दोनदा नाही म्हणतोय म्हणजे खात्रीनं म्हणतोय. फोटो काढावा असं मनात आलं होतं. पण जिच्यात नाव नाही ती यादी घरी नेऊन काय ओवाळायची, म्हणून फोन परत खिशात टाकला.

घरी येऊन मी "इल्ला म्हणाला" एवढंच सांगितलं. बायको मटकन खाली बसली. मलाही गलबलून आलं. मेहुणीनं मात्र आम्हा दोघांना पाणी दिलं आणि हरभऱ्याची डाळ शिजत घातली. त्या दिवशी आम्ही तिघांनी सुतकातल्यासारखी पुरणपोळी खाल्ली. मी चार खाल्ल्या. दुःखात मला भूक लागते. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दवाखान्यात गेली, भेटेल त्याला स्वतःच सांगून मोकळी झाली, आणि मी बायकोला म्हटलंही, बघ, सराव कामाला आला. पण संध्याकाळी बायको तिच्याबरोबर भाजीला गेली होती. मेहुणीनं मेथी विचारली. भाजीवाली मान खाली घालून कोथिंबीर निवडत होती, ती सहज म्हणाली, "मेथी इल्ला री." आणि माझी मेहुणी, रोज एक इल्ला पचवून आलेली बाई, तिथं भाजीच्या पाट्यांच्या मधोमध उभी राहून रडायला लागली. भाजीवाली बिचारी शेजारणीकडून मेथीची जुडी मागून घेऊन आली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी रजा टाकून घरी होतो. मन उदास आहे असं सांगून फौंड्रीत रजा मिळत नाही, म्हणून पोट बिघडल्याचं कळवलं होतं. चार पोळ्यांनंतर ते अगदीच खोटंही नव्हतं. दुपारी मेहुणी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मधेच थांबून म्हणाली, "दाजी, त्यो शिपाई कसा म्हणाला वो? वसकन आंगावर आला, का जरा मायेनं म्हणाला?"

"मायेनंच म्हणाला की," मी म्हटलं. "यादीवर बोट ठेवून, माझ्याकडं बघून हसत म्हणाला, इल्लैतल्ला."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"परत म्हणा."

"इल्लैतल्ला."

"बोट कुटं ठेवलंतं त्यानं?"

"यादीवर. मधेच कुठंतरी."

तिनं घडी बाजूला ठेवली. मग बहिणीला म्हणाली, "आक्का, इल्ली म्हंजे हितं. ऐत म्हंजे हाय. त्यो म्हणाला, हे काय, हितंच हाय की."

मला शिव्या घालायलाही कुणाला वेळ नव्हता.  मुलाखतीतच सांगितल्याप्रमाणे नाव लागलेल्यांनी मूळ कागद घेऊन गुरुवारी चारच्या आत यायचं होतं, आणि घड्याळात तीन वाजून गेले होते. फाइल तिनं आता लागायची नाही म्हणून माळ्यावर टाकली होती. मी स्टुलावर चढलो, फाइलीसकट खाली आलो, आणि स्टूल माझ्यानंतर आलं. स्कूटर काढली. उद्यमबागेत नेमकी पहिली पाळी सुटत होती, सगळा रस्ता मोटारसायकलींनी भरलेला, आणि त्या गर्दीत आमच्या साहेबांची गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. त्यांनी काच खाली करून माझ्या पोटाकडं बघितलं. मी नमस्कार केला. मागून मेहुणी म्हणत होती, "उशीर झाला म्हणून परत लावत्यात बगा. लावू देत. कागद तरी दावून यायचं," आणि तिच्या मुठीत माझा शर्ट इतका आवळलेला होता की मला श्वास घेता येईना.

खिडकीतल्या कारकुनानं घड्याळ बघितलं, मग कागद बघितले, मग कन्नडमध्ये काहीतरी बोलला.  "काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"झेरॉक्स कुटं हाय म्हणतोय."

झेरॉक्स झाल्या. शिक्के बसले. पाच-सहा ठिकाणी सह्या झाल्या. मग तो म्हणाला, "आतु." हा शब्द माझ्या चारांत नव्हता, आणि मी आता कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हतो. मी तिच्याकडं बघितलं. "झालं म्हणतोय," ती म्हणाली आणि समोरच्या बाकड्यावर जाऊन बसली. आनंदाचं रडणं तिला येत नव्हतं. मोठेपणी सायकल शिकणाऱ्या माणसासारखं तिचं ते रडणं अडखळत, थांबत, परत सुरू होत होतं. मी बाजूला उभा राहून फाइलीनं वारा घालत होतो.

पहिल्या वर्षाला हॉस्टेल सक्तीचं. पंधरा दिवसांनी तिची ट्रंक रिक्षात घालून आम्ही तिला पोचवायला गेलो. ती रिक्षात, मी आणि बायको मागून स्कूटरवर. पुरुषांना फाटकाच्या आत जाता येत नव्हतं. बायको आत जाऊन खाट, कपाट, नळाचं पाणी सगळं बघून आली. मेहुणी आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आली. अठरा-अठरा वर्षांच्या पोरी तिच्या बाजूनं खिदळत जात होत्या. त्यातली एक तिला "आक्का, खोली नंबर नऊ कुटं?" असं विचारून गेली.  मेहुणी मला म्हणाली, "दाजी, सावकाश जावा. उद्यमबागेपातूर ट्रक लई आसत्यात. डोळं पुसून मग गाडी चालू करा."

"मी कशाला डोळे पुसतोय," मी म्हटलं.

खरंच पुसले नाहीत. फक्त अनगोळला घराकडं वळायचं होतं तिथं मी वळलो नाही, सरळ गेलो, आणि कॅम्पातल्या चर्चपर्यंत पोचलो तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. मागं बसलेल्या बायकोनंही काही सांगितलं नव्हतं.